गोठ्याची वही

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाला शोभेल असाच विषय आम्ही मनात धरला होता. महाडचा सत्याग्रह, कुलाबा जिल्ह्यातील चळवळ किंवा आपल्या वसतिगृहाचे पहिले दिवस, असे काहीतरी. परंतु या विषयांवर आमच्याहून अधिकारी मंडळी याच अंकात लिहीत आहेत. शिवाय कपाट आवरताना कडा कुरतडलेली, पिवळी पडलेली एक दोनशे पानी वही हाती लागली आणि आमचा विषय बदलला. वहीच्या पुठ्ठ्यावर एका विद्यार्थ्याच्या गोल, ठसठशीत अक्षरात ‘गोठ्याची वही’ असे लिहिलेले आहे. आत सनावळ्या आहेत, पण त्या राजांच्या नाहीत. कोणत्या गाईच्या कानात किती गोचीड सापडले, कोणत्या दिवशी कोणते औषध लावले, आणि लावणाऱ्याने हातमोजे घातले होते की नाही, याची ती नोंद आहे. हातमोज्यांचा रकाना त्या वहीत का आला, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. त्यात आमच्या एका चुकीची कबुलीही आहे.

आमचे घराणे पनवेल तालुक्यातील. आजोबांच्या वाट्याला गावकीचे काम होते आणि मेलेले जनावर ओढून नेणे हा त्या कामाचाच भाग होता. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तीत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा आणि मढी ओढण्याचे काम टाकून देण्याचा उपदेश केला. आजोबा तेव्हा पोरसवदा होते. पुढे त्यांनी ते काम सोडले, गावाचा रोष पत्करला आणि म्हातारपणापर्यंत मोलमजुरी केली. त्या कामाविषयी ते फारसे बोलत नसत. मात्र एकदा शेजारच्या गोठ्यातील बैल तापाने गेला, तेव्हा ओट्यावर बसल्या बसल्या ते म्हणाले होते, “त्याला गोचिडांनी प्यायलाय. फाडला तर पानथरी सुजलेली निघंल, मूत काळंतांबडं निघंल आन् कातड्याला टाचणीनं टोचल्यावानी भोकं दिसतील.”

आम्ही तेव्हा लहान होतो. त्या वाक्यात किती निरीक्षण साठलेले आहे, हे कळायला आम्हाला पुढे एम. ए. व्हावे लागले, आणि तेही इतिहासात.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गुरांना एक ताप येत असे. दक्षिणेकडील टेक्सासची गुरे उत्तरेकडे हाकलत नेली की ती स्वतः धडधाकट असत. पण ज्या कुरणातून ती चरत जात, तेथील उत्तरेची गुरे काही आठवड्यांनी तापून, तांबडे मूत टाकून मरत. हे गोचिडांमुळे होते, असा तेथील गुराख्यांचा संशय होता. शिकलेल्या लोकांनी तो हसण्यावारी नेला. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न या दोघांनी मात्र तो तपासून पाहिला. कुंपणे घालून त्यांनी कुरणाचे तुकडे पाडले. एका तुकड्यात दक्षिणेची गुरे गोचिडांसह सोडली. दुसऱ्यात अंगावरचे गोचीड हाताने वेचून काढलेली गुरे ठेवली. तिसऱ्यात दक्षिणेचे एकही जनावर नव्हते, फक्त गोचीड पसरले होते. जेथे गोचीड होते तेथेच ताप आला. रोगाचे सूक्ष्म बीज गोचिडाच्या मादीकडून तिच्या अंड्यांत आणि अंड्यांतून पिल्लांत उतरते, हेही त्यांनी दाखवले. हा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला आणि कीटकांच्या व गोचिडांच्या चाव्यातून पसरणाऱ्या रोगांच्या अभ्यासाला त्याने मोठी चालना दिली.

आपल्याकडे परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले होते. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात निघाली आणि १८९३ साली हिमालयातील मुक्तेश्वरला गेली. म्हणजे शास्त्र आपल्या दाराशी आले होते. परंतु मेलेले जनावर उघडून पाहण्याचे काम ज्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या होते, त्यांच्या हातात सुरी होती, लेखणी नव्हती. टेक्सासच्या गुराख्याचे म्हणणे निदान कोणीतरी तपासले. आमच्या आजोबांचे म्हणणे ओट्यावरच विरले.

वडिलांनी काही वर्षे गावची गुरे राखली. गोचिडांवर त्यांचे उपाय ठरलेले होते. सकाळी गाईचे कान, गळ्याखालची पोळी, मांड्यांमधली जागा आणि शेपटीचे मूळ चाचपून गोचीड वेचायचे आणि शेणीच्या निखाऱ्यात टाकायचे. मग करंजाचे तेल चोळायचे. तेल नसले तर कडुनिंबाचा पाला उकळून त्याचे पाणी. कोणी तंबाखूचे पाणी लावी, कोणी सीताफळाच्या बियांची पूड. वडिलांची श्रद्धा मात्र करंजावर.

या शाळेत आम्ही रुजू झालो, तेव्हा आवाराच्या मागच्या बाजूला छोटा गोठा होता. जुन्या माजी विद्यार्थ्यांना तो आठवत असेल. तीन गावठी गाई, एक संकरित जर्सी गाय, एक बैल आणि एक कालवड, अशी सहा जनावरे होती. दूध फार नव्हते, पण लहान वर्गांतील मुलांना सकाळी कपभर मिळे. जर्सी गाय एका हितचिंतकाने दान दिलेली होती आणि अर्धेअधिक दूध तिचेच होते. एका वर्षी पाऊस ओसरताना तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशी तिने चारा टाकला आणि लघवी तांबडी झाली. डॉक्टरांना निरोप गेला. परंतु ते पोहोचण्यापूर्वी पहाटे ती गेली. तिच्या पोटाखाली एरंडाच्या बियांएवढे टम्म फुगलेले गोचीड लटकत होते. आजोबांचे वाक्य आम्हाला त्या दिवशी प्रथम आठवले. गावठी गाईंच्या अंगावरही गोचीड होते, पण त्या उभ्या होत्या. आपल्या जुन्या वाणाच्या गाई या रोगांना बऱ्याच अंशी तोंड देतात. संकरित जनावर मात्र लवकर बळी पडते, हे पुढे डॉक्टरांनी समजावले.

यानंतर आम्ही जे केले ते घाईत केले. बाजारातील एका दुकानातून गोचिडांवरचे जालीम औषध आणवले. ते सुटे मिळाले, दुसऱ्याच कशाच्या तरी रिकाम्या बाटलीत. लेबल नव्हते. दुकानदाराने सांगितले, बादलीभर पाण्याला दोन झाकणे. पैसे आम्ही दिले, पावती घेतली नाही आणि औषधाचे नाव विचारले नाही. फवारणीचे काम नववीतील एका विद्यार्थ्याने हौसेने अंगावर घेतले. गुरांची त्याला भारी आवड. भर दुपारी, उघड्या हातांनी, अंगात बनियन घालून त्याने सहाच्या सहा दावणी, भिंती आणि उरलेली पाच जनावरे फवारली. घाम आला की त्याच हाताने तो कपाळ पुसत होता. आम्ही गोठ्याच्या दारात उभे राहून त्याचे कौतुक करीत होतो.

संध्याकाळच्या वंदनेला तो आला नाही. खोलीत पाहिले, तर उलट्या चालू होत्या, तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होते. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “औषध कोणते होते?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या होत्या. त्यावरून त्यांनी ताडले की हे पिकावर मारायचे विषारी कीटकनाशक आहे आणि ते कातडीतून अंगात गेले आहे. अट्रोपिनची इंजेक्शने सुरू झाली. पहाटे त्याने पाणी मागितले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

त्याची आई वीटभट्टीवर कामाला होती. सकाळी ती आली. मुलाच्या केसांवरून हात फिरवून तिने आमच्याकडे पाहिले. रागावली नाही. एवढेच विचारले, “सर, गाईला किती टाकायचं ते मोजलं व्हतं?”

आम्ही म्हणालो, “हो. दोन झाकणे.”

“आन् माझ्या पोराला किती झेपंल, ते कोनी मोजलं व्हतं?”

तीस वर्षांच्या नोकरीत आम्हाला अनेक प्रश्न विचारले गेले. याचे उत्तर देता न आल्याची खंत अजून जात नाही. कालाम लोकांना बुद्धांनी सांगितले होते की परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. ती स्वतः पारखून घ्या. हा उपदेश आम्ही वर्गात दर वर्षी शिकवीत होतो. आणि एका बिनलेबलाच्या बाटलीवर, केवळ दुकानदाराने सांगितले म्हणून, आम्ही विश्वास ठेवला होता. पोरानेही केवळ सरांनी सांगितले म्हणून ती हाती घेतली होती.

पनवेलकरांना रसायने काही नवी नाहीत. रसायनीला डीडीटी आणि मॅलेथिऑन तयार करणारा हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सचा सरकारी कारखाना होता. तळोज्याला तर रासायनिक कारखान्यांची वसाहतच आहे. आपले कितीतरी पालक अशा कारखान्यांत कामाला होते. त्यांपैकी एक पालक हा प्रकार ऐकून मुद्दाम शाळेत आले. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वाऱ्याकडे पाठ, काम झाल्यावर साबणाने आंघोळ आणि कपडे वेगळे धुणे, हे सगळे त्यांनी मुलांना करून दाखवले. त्यांना हे नियम पाठ होते, कारण कारखान्यात ते सक्तीचे होते. गोठ्याच्या दारापर्यंत ते आणण्याचे कोणाला सुचले नव्हते.

त्या आठवड्यात ‘गोठ्याची वही’ सुरू झाली. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी मार्गदर्शन केले आणि विज्ञानाच्या बाईंनी जबाबदारी घेतली. आमच्याकडे हिशेब लिहिण्याचे काम आले. पहिला नियम असा ठरला की ज्याचे नाव वहीत लिहिता येत नाही, ते औषध गोठ्यात येणार नाही. दुसरा असा की कोणतेही रासायनिक औषध विद्यार्थी हाताळणार नाहीत. मोठी माणसे हाताळतील आणि विद्यार्थी पाहतील, मोजतील, लिहितील.

आधी शत्रूची ओळख झाली. गोचीड हा किडा नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळी व विंचू यांच्या जातकुळीतला आहे. फक्त अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात. आपल्या गाईंवर सर्रास आढळणारा गोचीड पिल्लापासून मोठा होईपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर राहतो. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत किंवा गवताच्या मुळाशी दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. पिल्ले गवताच्या शेंड्यावर चढून पुढचे पाय हवेत पसरून बसतात. वास ओळखणारे इंद्रिय त्यांच्या पुढच्या पायांतच असते. जनावराच्या श्वासाची आणि घामाची चाहूल त्यांना त्यातून लागते. म्हणजे गाईच्या अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे फटीत आणि कुरणात वाट पाहत असतात. आम्ही मात्र इतके दिवस अंगावरच्या गोचिडांशीच लढत होतो.

मग चाचणी. अधिकाऱ्यांनी दोन साध्या पद्धती सांगितल्या. पहिली मारणाऱ्या औषधासाठी. फुगलेल्या माद्या चिमट्याने काढून त्यांचे सारखे गट करायचे. एक गट साध्या पाण्यात, एक औषधाच्या द्रावणात, दोन-दोन मिनिटे बुडवायचा, टिपकागदावर कोरडा करायचा आणि तोंडाला मलमल बांधलेल्या बरणीत ठेवून दोन आठवडे पाहायचे, की कोणत्या बरणीत अंडी पडतात. दुसरी पद्धत दूर ठेवणाऱ्या औषधासाठी. पिल्लांचा स्वभाव वर चढण्याचा असतो. म्हणून पाण्याने वेढलेल्या ताटलीत टिपकागदाची पट्टी उभी करायची, तिचा खालचा अर्धा भाग कोरा ठेवायचा, वरच्या भागाला औषध लावायचे आणि पिल्ले सीमेवरून मागे फिरतात की पुढे जातात, ते मोजायचे. हेच काही तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच पट्टीवर करायचे.

बाईंनी पहिल्याच दिवशी एक जादा पट्टी उभी केली. तिच्यावर करंज नव्हते, नुसते खोबरेल होते. ही कशाला, असे मुलांनी विचारले. संध्याकाळी उत्तर मिळाले. खोबरेलाच्या पट्टीवरही बरीच पिल्ले अडखळली होती. म्हणजे करंजाचा गुण किती आणि नुसत्या तेलकटपणाचा किती, हे त्या जादा पट्टीवाचून कळलेच नसते. स्मिथ आणि किलबोर्न यांनी गोचीड वेचलेली गुरे वेगळ्या कुंपणात का ठेवली होती, हे आम्हाला पुस्तक वाचून जेवढे कळले नव्हते तेवढे त्या खोबरेलाच्या पट्टीने कळले.

करंजाच्या पट्टीवरून पिल्ले पहिल्या दिवशी स्पष्ट मागे फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पट्टीवरून ती सरळ वर गेली. घरी गेल्यावर आम्ही वडिलांना काहीशा विजयी सुरात सांगितले, “दादा, तुमचे करंज एका दिवसापुरते आहे.” त्यांनी शांतपणे विचारले, “मग मी रोज सकाळी लावायचो, ते कशाला?” आम्ही गप्प झालो. उपाय करंजाचा नव्हता. रोज जनावर चाचपण्याचा आणि रोज तेल लावण्याचा होता. त्यातला अर्धाच भाग लक्षात ठेवून आम्ही त्यांना चूक ठरवायला निघालो होतो. जुने ते सोने म्हणणे जितके उथळ, तितकेच जुने न तपासता टाकून देणेही. आज राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही लसूण, कडुनिंब, हळद, वेखंड, घाणेरी अशा वनस्पतींचा लेप पशुपालकांना सांगते. तोही एकदा लावून विसरण्याचा नाही, हे ध्यानात ठेवावे.

याच काळात एका आठवीतील मुलीने विचारले, “सर, आपण रोज पाणातिपाता म्हणतो. मग गोचीड मारायचे की नुसते हाकलायचे?” प्रश्न गमतीचा नव्हता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, तो आम्ही तिला सांगितला. गाय जगवण्यासाठी गोचीड मारावा लागला, तर ती गरज. परंतु हाकलून भागत असेल तर मारण्यात अर्थ नाही, असे आमचे ठरले. म्हणून त्या हंगामात आम्ही केवळ दूर ठेवणारी तेले वापरून पाहिली. रोज सकाळ-संध्याकाळ. आमच्या गाई खरोखरच बऱ्याच स्वच्छ झाल्या. आम्ही खूश होतो.

कुंपणापलीकडच्या वाडीत एक विधवा मावशी राहत. त्यांची एकुलती एक गाय आमच्या गाईंबरोबर त्याच माळावर चरे. एक दिवस त्या आवारात आल्या. “सर, तुमच्या गाई चकचकीत दिसतात. माझीला मात्र यंदा लईच गोचीड लागल्यात.” मुलांनी जाऊन पाहिले. गाईचे कान गोचिडांनी भरले होते. आमच्या गाईंच्या अंगावर चढता न आलेले गोचीड माळावरून गेले नव्हते. गवताच्या शेंड्यावर बसून, कित्येक आठवडे उपाशी राहून, ते पुढच्या जनावराची वाट पाहत होते. पुढचे जनावर म्हणजे जिच्याकडे तेलाला पैसे नव्हते, तिचे. आमच्या अहिंसेचा खर्च शेजारणीच्या गाईने भरला होता. गावाने आपली घाण गावकुसाबाहेर कशी ढकलली, हे आम्ही वर्गात शिकवतो. आमच्या कुंपणावरून तसेच काही घडत असेल, हे आमच्या मनातही आले नव्हते.

त्यानंतर वहीची रचना बदलली. आमची पाच जनावरे आणि वाडीतील सगळी, शेळ्यांसकट, एकाच दिवशी तपासायची आणि एकाच दिवशी औषध द्यायचे, असे ठरले. औषध पशुवैद्यकीय अधिकारी सांगतील ते, लेबल असलेले, लेबलावरच्या मापाने. फवारणीपूर्वी जनावराला पोटभर पाणी पाजायचे, म्हणजे तहानेने ते अंग चाटत नाही. कडक उन्हात फवारायचे नाही. कान, शेपटीचे मूळ, कास, मांड्यांमधली जागा सोडायची नाही. पाठीवर फवारून गोचीड जात नाहीत. औषधानंतर किती दिवस दूध वापरायचे नाही, हे लेबलावर वाचून फळ्यावर लिहायचे. गोठ्याच्या भिंतींच्या फटी बुजवायच्या, चुना मारायचा. कोंबड्या गोठ्यात सोडायच्या. त्या गोचीड आवडीने टिपतात. आणि दर पंधरवड्याला पुन्हा मोजायचे.

काही वर्षांनी बरणीने एक नवी गोष्ट दाखवली. आधी ज्या औषधात बुडवलेल्या माद्या अंडी घालत नसत, त्याच औषधाच्या बरणीत आता अंडी दिसू लागली. हे जगभर घडलेले आहे. ऑस्ट्रेलियात गुरांना सोमलाच्या पाण्यात बुडवून काढीत. १९३० च्या दशकात गोचीड त्याला दाद देईनासे झाले. नंतर डीडीटी आले, त्यालाही ते निर्ढावले. आपल्याकडे आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या डेल्टामेथ्रिनला न जुमानणारे गोचीड अनेक राज्यांत आढळले आहेत. पातळ करून, अंदाजाने, वर्षानुवर्षे तेच औषध मारत राहिले की दुबळे गोचीड मरतात आणि चिवट उरतात. न मोजता दिलेले औषध माणसाला घातक ठरते, हे आम्ही दवाखान्यात शिकलो होतो. ते गोचिडाला बळकट करते, हे बरणीने शिकवले.

आता आपल्या तालुक्याबाहेरची एक हकिगत. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी लग्नानंतर सिंधुदुर्गात गेली आणि तेथे आरोग्याच्या कामात आहे. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली, तेव्हा तिचा फोन आला, “सर, आपले गोचीड इथे माणसांना लागलेत.” हा रोग १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात प्रथम उमगला, तेथे माकडे मरून पडत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधला. तो जंगलातील बारीक गोचिडांतून माणसाला येतो. गुरे त्याने फारशी आजारी पडत नाहीत, पण रानात चरताना याच गोचिडांना रक्त पुरवून त्यांची संख्या वाढवतात आणि ते अंगावर घेऊन घरी येतात. काजूच्या बागेत, पाला-लाकडे गोळा करायला जाणाऱ्या गरीब माणसाला हा ताप गाठतो.

पुढच्या वर्षी आम्ही तिच्याकडे गेलो. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत तयार झालेले ‘डेपा’ नावाचे द्रव्य घातलेले तेल तेथे घरोघर वाटले जात होते. रानात जाण्यापूर्वी हातापायांना लावायचे आणि परतल्यावर गरम पाणी व साबणाने अंग धुवायचे. दूर ठेवणाऱ्या औषधाची ही खरी जागा आहे. माणूस काही तासांसाठी रानात जातो, तेवढे तास ते त्याला पुरते. गाय मात्र दिवसभर चरते. तिच्याकडे एक वही होती. तेल कोणाला दिले याची नोंद सरकारी कागदावर होती. तिच्या वहीत मात्र आणखी एक रकाना होता, लावले की नाही. “सर, बाटल्या घरोघर आहेत. पण घामात तेल चिकचिकतं, म्हणून बायका लावत नाहीत. ते कळलं म्हणून मी पहाटे त्यांच्याबरोबर जाते आणि माझ्या पायांना आधी लावते.” औषध प्रयोगशाळेत उतरले, तरी माणसाच्या पायापर्यंत पोहोचले की नाही, हे कोणीतरी पाहावेच लागते.

आज शाळेच्या गोठ्यात दोनच गाई आहेत. माळावर इमारती उभ्या राहिल्या, विमानतळासाठी गावे उठली, मावशींची वाडीही पूर्वीची राहिली नाही. मावशी गेल्या. आमचे दादाही गेले. परंतु २०२२ साली लम्पी आजाराने राज्यातील गुरांचे बाजार बंद पडले आणि माश्या, डास, गोचीड यांच्यावर जो तो मिळेल ते फवारू लागला, तेव्हा आजूबाजूच्या पशुपालकांनी आपल्या शाळेत येऊन ही वही मागून नेली. लसीकरण करा, लेबल वाचा, हातमोजे घाला आणि शेजाऱ्याच्या गाईलाही त्याच दिवशी औषध द्या, एवढेच त्यांना त्यात सापडले. त्यांना तेवढेच हवे होते.

वहीच्या पहिल्या पानावर, मुखपृष्ठावरच्याच गोल अक्षरात, एक ओळ आहे. ती मागाहून लिहिलेली आहे. कारण त्या दिवशी वही नव्हती. दवाखान्यातून परत आल्यावर त्या नववीतील मुलाने स्वतः रेघा मारल्या, रकाने पाडले आणि आम्हाला विचारले, “सर, पहिली नोंद कोणती करू?” आम्ही म्हणालो, तुझी. त्याने लिहिले: औषधाचे नाव, माहीत नाही. माप, दोन झाकणे. हातमोजे, नाही. फवारणाऱ्याचे नाव, म्हणून स्वतःचे नाव. आणि मग आम्ही त्याच्याकडून पेन घेऊन, औषध आणणाऱ्याच्या रकान्यात आमचे नाव घातले.

तो मुलगा आज दोन लेकरांचा बाप आहे आणि दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला शाळेत येतो. आला की गोठ्यात जातो, गाईचे कान चाचपतो. ही वही आम्ही या वर्षी शाळेच्या ग्रंथालयाला देत आहोत. इतिहासाच्या पुस्तकांच्या कपाटात तिला जागा मिळावी, अशी आमची विनंती आहे. मागची बरीच पाने अजून कोरी आहेत.

जय भीम.